जिबुतीचा तक्ता आणि धाराशिवचे गायरान

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या आमच्या पोरांच्या हातात जगाची माहिती देणारी जाडजूड पुस्तके असतात. एकेका देशाला त्यात अर्धे पान मिळते. लोकसंख्या, अर्थव्यवस्था, प्रसारमाध्यमे हे रकाने भरले की देश संपला! परवा अशाच एका पुस्तकात आम्ही पूर्व आफ्रिकेतील जिबुती वाचला. २७ जून १९७७ रोजी फ्रान्सच्या जोखडातून सुटलेला हा देश. लोकसंख्या साधारण दहा-अकरा लाख. शेती नावापुरती, सगळा संसार बंदरावर. शेजारच्या इथिओपियाला समुद्र नाही, म्हणून त्याचा माल या बंदरातून ये-जा करतो आणि त्यावर हा देश जगतो. शिवाय अमेरिका, फ्रान्स, जपान आणि चीन यांचे लष्करी तळ आहेत, त्यांचे भाडे येते. प्रसारमाध्यमे? रेडिओ-दूरचित्रवाणी सरकारी, 'ला नासिओं' नावाचे वर्तमानपत्र सरकारी आणि तेही फ्रेंच भाषेत. लोक मात्र घरात सोमाली आणि अफार बोलतात.

वाचून आमचा एक कार्यकर्ता हसला. आम्ही त्याला म्हटले, बाबा, हसू नकोस. आपला धाराशिव जिल्हा लोकसंख्येने या देशापेक्षा मोठा आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार ५७६ भरली. क्षेत्रफळ मात्र जिबुतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे, साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. मग हेच तीन रकाने आपल्या जिल्ह्यासाठी भरून पाहिले तर काय दिसते?

पहिला रकाना सोपा आहे. शंभरातले ८३ लोक खेड्यात. दर सहा माणसांमागे एक अनुसूचित जातीचा. ओबीसी किती, भटके-विमुक्त किती, याचे उत्तर १९३१ नंतरच्या कुठल्याही जनगणनेच्या पुस्तकात सापडत नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जी जनगणना होणार आहे, तिच्यात जात मोजण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. ठीक आहे, मोजा. पण आमचा अनुभव असा की, पहिल्या रकान्यात आम्हाला मोजायला फारशी कुणाची हरकत नसते. हरकत सुरू होते ती दुसऱ्या रकान्यापासून.

दुसरा रकाना अर्थव्यवस्थेचा. नीती आयोगाने २०१८ साली महाराष्ट्रातले जे चार जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यांत नंदुरबार, वाशीम, गडचिरोली यांच्या पंगतीला आपला उस्मानाबाद बसला. आकांक्षित हा मागास या शब्दाला दिलेला नवा सदरा! सोयाबीन, तूर, ज्वारी पावसाच्या भरवशावर. जिथे थोडे पाणी तिथे ऊस. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातले मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. ज्या व्यवस्थेत माणसाचे नावच हत्यार होते, तिला अर्थव्यवस्था म्हणायचे की आणखी काही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणि एक प्राणी या जिल्ह्याचे नाव देशभर मिरवतो, तो म्हणजे उस्मानाबादी शेळी. २०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. काळीभोर, काटक, दुष्काळातही तग धरणारी आणि बहुधा जुळी देणारी. ही शेळी कुणाच्या दारात असते? ज्याला जमीन नाही त्याच्या. मग ती चरते कुठे? गावच्या गायरानात.

इथेच आम्हाला थांबायचे आहे. गायरान हा भूमिहीनांच्या अर्थकारणाचा कणा आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली हजारो माणसे भूमिहीनांच्या जमिनीसाठी तुरुंगात गेली. त्यांच्या वारसांनी गायरानातले दगड वेचले, बांध घातले, तिथे ज्वारी पिकवली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे मान्य केले. कागद झाला. पण सातबाऱ्यावर नाव लागायला तलाठ्यापासून तहसीलपर्यंत ज्या खेपा घालाव्या लागतात, त्यात एक पिढी म्हातारी झाली. कितीतरी जणांचे नाव गाव नमुना एक-ई या अतिक्रमणाच्या नोंदवहीतच अडकून पडले आणि कित्येकांचे तिथेही चढले नाही. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला. त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद नोंदवला आहे, पण तो अपवाद कुणी वाचून दाखवत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्षअखेरपर्यंत गायरानावरील अतिक्रमणे काढण्याचे निर्देश दिले आणि राज्यभर नोटिसा निघाल्या. पुढच्याच वर्षी, २०२३ साली, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आली आणि तीच गायराने सौर प्रकल्पांसाठी उपलब्ध झाली. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी याला आमचा विरोध नाही, मुळीच नाही. आमचा प्रश्न एवढाच की, गरिबाने तीस-चाळीस वर्षे कसलेली जमीन 'अतिक्रमण' आणि कंपनीने काचेचे पत्रे मांडले की 'विकास', हा शब्दांचा वाटा कोण करतो?

तो वाटा तिसऱ्या रकान्यात होतो. जिबुतीत वर्तमानपत्राचा मालक सरकार आहे, हे निदान उघड आहे. आपल्याकडे मालक खाजगी आणि स्वातंत्र्य कागदोपत्री पूर्ण. प्रत्यक्षात तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो, जाहिरातीचे टार्गेट असते. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, साहेबांचा वाढदिवस. ज्या कारखानदाराकडून अर्धे पान आणायचे, त्याच्या फडावरच्या कोयत्याची बातमी तो वार्ताहर कशी लिहील? बिचाऱ्याचा दोष कमी, व्यवस्थेचा जास्त. मोठ्या कचेऱ्यांत वर कोण बसते, याची मोजणी झाली आहे. २००६ साली दिल्लीतल्या राष्ट्रीय माध्यमांतल्या ३१५ निर्णयकर्त्यांमध्ये अनुसूचित जाती-जमातीचा एकही माणूस सापडला नव्हता. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी पुन्हा पाहणी केली. प्रमुखपदाच्या १२१ जागांपैकी १०६ जागी उच्चवर्णीय होते, आमचा एकही नव्हता. तेरा वर्षांत शून्याचे शून्यच! खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांचे हत्याकांड झाले, तेव्हा प्रस्थापित वर्तमानपत्रांना त्याचे गांभीर्य कळायला लोकांना रस्त्यावर यावे लागले. आजही ॲट्रॉसिटीचा गुन्हा 'दोन गटांत हाणामारी' या मथळ्याखाली छापला जातो.

आणि आपले? १४ एप्रिलला जिल्ह्याची पाने आपल्याच पोरांच्या फोटोंनी भरतात. वर्गणीचा पैसा कुणाच्या गल्ल्यात जातो याचा हिशेब कुणी मांडत नाही. १५ एप्रिलच्या अंकात गायरानाची बातमी द्या म्हटले की जागा नसते.

बाबासाहेबांनी हे दोन रकाने कधी वेगळे मानले नाहीत. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले, आणि त्याच काळात 'बहिष्कृत भारता'त महार वतनाचा प्रश्न ते लोकांना समजावून सांगत होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेला ते आले, तेही याच प्रश्नासाठी. महार आणि मांग हे दोन्ही शब्द त्या परिषदेच्या नावात एकत्र होते, हे आज एकमेकांकडे पाठ करून बसलेल्यांनी ध्यानात घ्यावे.

म्हणून आठही तालुक्यांतील वाचकांना आमची विनंती आहे. आपल्या गावच्या गायरानाचा गट नंबर, एकूण क्षेत्र, कोण कधीपासून कसतो, एक-ई ला नाव आहे की नाही, नोटीस आली असल्यास तिची तारीख आणि सौर प्रकल्पाचा ठराव ग्रामसभेत झाला की परस्पर, एवढे एका कागदावर लिहून आमच्याकडे पाठवा. नोटिशीची झेरॉक्स जोडा, मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी वस्तीवरच्या कॉलेजच्या पोरांनी बसावे. पारधी वस्त्या सोडू नका. गावागावाची नोंद या पानावर, गावाच्या नावानिशी, आम्ही छापू.