अचलेचे बंड

विभावरी शिरूरकर, म्हणजेच मालतीबाई बेडेकर, यांची ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी १९३४ साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका अचला ही नवऱ्याने टाकलेली स्त्री. पुढे विराग तिच्या आयुष्यात येतो. परंतु त्याच्याशी तिला लग्न करता येत नाही. ते का, हे ध्यानी घेतल्यावाचून तिच्या बंडाचे मोल कळावयाचे नाही.

आपल्या इतवारीच्या पेठेत एका भागीदाराने पाठ फिरविली, तर दुसऱ्याला हिशेब मिटवून मोकळे होता येते. विवाहात ती सोय नव्हती. अनेक जातींत काडीमोड व पाट रूढ होते. पांढरपेशा घरांतील स्त्रीला मात्र सुटका नव्हती, आणि नवरा खुशाल दुसरी बायको करी. बडोदे संस्थानाने १९३१ साली घटस्फोटाचा कायदा केला, मुंबई प्रांताने १९४७ साली. नागपूरकर स्त्रीला तो हक्क १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मिळाला.

इब्सेनची नोरा घर आणि मुले सोडून निघते. अचलेला घर हवे आहे, मूलही हवे आहे. आई होण्याचा अधिकार नवऱ्याच्या नावावर अवलंबून का असावा, हा तिचा प्रश्न आहे. स्वतःची बेअब्रू ती सोशील. परंतु मुलाच्या वाट्याला येणाऱ्या बोलांचे काय? बंडाची खरी किंमत येथे आहे.

महाराष्ट्रात मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे २०२४ साली सक्तीचे झाले. कादंबरीनंतर नव्वद वर्षांनी! कागदावर ते आले. आपल्या बोलण्यात ते किती आले, हे आपण आपल्यालाच विचारावे.