श्रीरंगपट्टणच्या बंदिवासातील प्रार्थना

आजच्या म्हैसूर शहरातील सरस्वतीपुरमसारख्या वस्तीतून निघालेला प्रवासी तासाभराच्या आत श्रीरंगपट्टणच्या किल्ल्यापाशी पोहोचतो. १७८४ साली कानडा किनाऱ्यावरील कोकणीभाषी ख्रिस्ती कुटुंबे येथे आणली गेली, ती मात्र घाट चढून, बंदी म्हणून. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात या लोकांनी शत्रूला साहाय्य केले, असा टिपू सुलतानाचा ग्रह झाला होता. मंगळूर पुन्हा हाती येताच त्याने पाद्र्यांना हद्दपार केले, चर्चे पाडविली, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस, परंपरेनुसार भस्म-बुधवारी, ख्रिस्ती समाजाची सरसकट धरपकड केली. बंदींच्या संख्येविषयी एकमत नाही. आबे द्युब्वा हा फ्रेंच धर्मोपदेशक ती साठ हजारांहून अधिक सांगतो. अनेकांचे सक्तीने धर्मांतर झाले. तरुणांना सैन्यात घालण्यात आले.

कॅथलिक पंथाच्या माणसावर यामुळे एक निराळेच संकट ओढवले. त्याच्या उपासनेचे केंद्र म्हणजे मिस्सा, आणि पापक्षमा मिळावयाची ती पाद्र्यासमोर कबुली देऊन. पाद्रीच नसेल तर काय करावे? ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्येच याचा निर्णय देऊन ठेवला होता. ईश्वरावरील प्रेमातून उपजलेला पूर्ण अनुताप, पुढे कबुली देण्याच्या संकल्पासह, माणसाचा ईश्वराशी समेट घडवितो. हा सिद्धांत किती बंदींना ठाऊक होता, हा प्रश्न वेगळा. परंतु घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनांत अनुतापाची प्रार्थना असतेच, आणि तिला पाद्री लागत नाही.

याखेरीज त्यांच्यापाशी एक मराठी ग्रंथ होता. मूळचा इंग्रज असलेल्या फादर स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रथम छापले गेले आणि गोव्यातून कानड्यात गेलेल्या कुटुंबांबरोबर दक्षिणेस पोहोचले. याच पुराणाच्या पठणाने बंदिवासात श्रद्धा टिकून राहिली, असे मंगळूरचे ख्रिस्ती लोक परंपरेने सांगत आले आहेत. ते संभवनीयही वाटते. ओवी कानाने शिकावयाची आणि मुखाने सांगावयाची. पोथी हिरावली गेली तरी पाठ असलेला भाग उरतो. शिवाय इजिप्तच्या दास्यातून सुटलेल्या इस्रायली लोकांची कथा त्या श्रोत्यांना दूरची वाटली नसणार.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले. त्यानंतर म्हैसूर प्रांतात आलेल्या द्युब्वाने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पत्रांत या लोकांविषयी लिहिले आहे. एकानेही हौतात्म्य पत्करले नाही, याचा त्याला विषाद वाटतो. हा निवाडा कठोर आहे. मुलाबाळांसह बंदीत पडलेल्या माणसाकडून दुसऱ्याने हौतात्म्याची अपेक्षा करणे सोपे असते. तथापि पुढचा वृत्तांतही त्यानेच नोंदविला आहे: बहुतेक सर्वजण चर्चशी समेट करण्यास परत आले, आपला धर्मत्याग केवळ बाह्य होता, अंतःकरणात श्रद्धा कायम होती, असे त्यांनी सांगितले. सुमारे दोन हजार जण स्वतः द्युब्वाच्याच संपर्कात आले. वीस हजारांच्या आसपास लोक मंगळूरकडे परतले आणि त्यांनी आपली चर्चे पुन्हा उभारली.

पुराणाचे पठणही कानड्यात पुढे चालू राहिले. सतराव्या शतकातील छापील प्रती तोवर नाहीशा झाल्या होत्या. म्हणून १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळुरात नवी आवृत्ती काढली, ती हस्तलिखित प्रतींवरून.