पाच डॉलरांचा दरवाजा

अमेरिकेच्या राजधानीतील विल्सन सेंटर या सभागृहात ३ सप्टेंबर १९८७ रोजी ‘फुगाझी’ हा बँड प्रथम लोकांसमोर उभा राहिला, तेव्हा त्याच्या नावावर एकही ध्वनिमुद्रिका नव्हती. आणि पुढे पंधरा वर्षे, एक हजाराहून अधिक जलसे होईपर्यंत, त्याच्या पाठीशी ना कोणी व्यवस्थापक आला, ना धनिक आश्रयदाता. रॉक संगीताच्या धंद्यात ध्वनिमुद्रिका हा विक्रीचा माल आणि दौरा म्हणजे त्या मालाची दवंडी, असा शिरस्ता तोवर पक्का रुजलेला होता. या मंडळींनी जलसा हेच आपले मुख्य कार्य मानले आणि ध्वनिमुद्रिकेला त्या कार्याचा दाखला एवढेच स्थान दिले. त्यांची थोरवी त्यांच्या गाण्यांत आहे हे खरेच. पण ती गाणी ज्या अटींवर लोकांपुढे मांडली गेली, त्या अटींपासून त्यांची फारकत करता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

बँडमधल्या चौघांपैकी इयन मकाय हा गायक-गिटारवादक ‘मायनर थ्रेट’ या बँडमुळे पंक संगीताच्या वर्तुळात आधीच सर्वतोमुखी झालेला होता, आणि वयाच्या अठराव्या वर्षी, १९८० साली, मित्रांसह त्याने स्थापिलेली ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’ ही लहानशी संस्थाच पुढे फुगाझीचे प्रकाशनगृह झाली. जो लॅली बास गिटार वाजवी, ब्रेन्डन कॅन्टी ड्रम्सवर बसे. आणि चौथा गी पिचोटो हा तर आरंभी बँडचा सभासदही नव्हता. तो आला तो साथीला सूर मिळवण्यापुरता. मग स्वतःची गाणी गाऊ लागला, आणि १९९० सालच्या ‘रिपीटर’ या ध्वनिमुद्रिकेपर्यंत त्याच्या हाती दुसरी गिटारही आली. बँडची घडण बंद खोलीत पुरी होऊन मग लोकांसमोर आली असे झाले नाही; ती लोकांच्या देखत होत गेली.

अटी साध्या होत्या, पण कडक होत्या. प्रवेशमूल्य बहुधा पाच डॉलर; वयाची आडकाठी नाही; दारात टी-शर्टांचे दुकान नाही. अमेरिकेत अशा जलशाची जागा म्हणजे बहुतेक वेळा मद्यगृह, आणि एकवीस वर्षांखालील मुलास मद्य देण्यास कायद्याने मनाई. त्यामुळे ज्या संगीताचा खरा श्रोता सोळा-सतरा वर्षांचा, त्याच श्रोत्याला दारावरून परत धाडण्याचा प्रकार राजरोस चाले. हा अन्याय मकायने स्वतः कोवळ्या वयात सोसलेला होता. म्हणून जेथे मालक अट मान्य करी तेथे क्लबात, आणि जेथे करीत नसे तेथे चर्चच्या सभागृहात किंवा शाळेच्या व्यायामशाळेत बँड वाजवी. आणि हे सारे करारमदार मकाय स्वतः दूरध्वनीवर बोलून ठरवी. पाच डॉलरांत जमाखर्च जुळे कसा, या प्रश्नाचे उत्तर खर्चाच्या रकान्यात आहे. आपल्याकडे तमाशाचा फड जसा आपले बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरतो, तशी ही मंडळी आपल्या व्हॅनमध्ये वाद्ये भरून निघत, ओळखीपाळखीच्या घरी जमिनीवर पथारी टाकीत, आणि वसुलातला कोणताही हिस्सा दलालाला देत नसत. अशा रीतीने त्यांनी अमेरिकेची पन्नासही राज्ये पालथी घातली, आणि युरोप, ऑस्ट्रेलिया, जपान, ब्राझील येथवर मजल मारली.

व्यासपीठावर गाण्यांची यादी नसे. आज काय वाजवायचे हे कोणी आधी ठरवलेले नसे. एकाने गिटारीवर एखादा तुकडा छेडला की उरलेल्या तिघांनी तो ओळखून त्यात शिरायचे, आणि दोन गाण्यांमधल्या सांध्यात जे सुचेल ते तेथल्या तेथे निपजायचे. याचा अर्थ असा की प्रत्येकाला सगळी गाणी सदैव मुखोद्गत हवीत, आणि अशी तयारी घरच्या तालमीने येत नाही, ती रोजच्या वाजवण्यानेच येते. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध गाणे ‘वेटिंग रूम’ लॅलीच्या बासवर सुरू होते. ड्रम्स व गिटार मिळतात, वेग भरतो, आणि अकस्मात सर्व वाद्ये एकदम थांबतात. काही क्षण काहीच वाजत नाही. ध्वनिमुद्रिकेवर ती केवळ शांतता आहे. सभागृहात मात्र ती जागा श्रोत्यांच्या गर्जनेने भरून जाते, आणि पुन्हा बास सुरू होतो तेव्हा गाणे जणू त्या गर्दीतूनच वर येते. कॅन्टीच्या ड्रम्सशेजारी एक मोठी घंटाही टांगलेली असे; तिचा टोल गिटारींच्या कल्लोळातूनही स्वच्छ ऐकू येई.

गर्दीची मुजोरी मात्र त्यांनी कधी चालू दिली नाही. पंक जलशांत एकमेकांवर आदळत नाचण्याची चाल होती, आणि तिच्या आडून धटिंगण मुले दुबळ्यांना आणि मुलींना तुडवीत. असा कोणी दिसला की मकाय चालू गाणे थांबवून त्याला अदबीने, पण सर्वांसमक्ष, समज देई. तरीही न ऐकणाऱ्यास बाहेर काढले जाई, आणि जाताना त्याच्या हाती पाच डॉलरांचे पाकीट ठेवले जाई. मला यात मोठे नैतिक सौंदर्य दिसते. पैसे परत मिळाले, तेव्हा तक्रारीला जागा उरली नाही. आणि सभागृह सर्वांचे आहे हेही सिद्ध झाले.

कीर्ती वाढली तशा मोठ्या कंपन्या दारी आल्या. ॲटलांटिक रेकॉर्ड्सचे संस्थापक अहमत एर्टेगुन यांनी जातीने विचारणा केली, आणि तिलाही नकार मिळाला. धंद्याला नकार देणारी ही मंडळी सार्वजनिक प्रश्नांसाठी मात्र पुढे येत. आखाती युद्धाला तोंड लागण्याच्या थोडेच दिवस आधी, १२ जानेवारी १९९१ रोजी, कडाक्याच्या थंडीत त्यांनी व्हाइट हाऊससमोर निषेधाचा जलसा केला. वॉशिंग्टनमधील त्यांचे कित्येक कार्यक्रम गरजूंच्या मदतीसाठी होत.

४ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या फोरम नाट्यगृहात झालेला जलसा शेवटचा ठरला. संसार, मुलेबाळे आणि आईबापांची आजारपणे यांतून पूर्वीसारखे हिंडणे शक्य राहिले नाही, आणि हिंडणे नसेल तर हा बँड कसा चालावा? बँड मोडल्याची घोषणा त्यांनी केली नाही. ध्वनियोजकांनी मात्र आठशेहून अधिक जलसे ध्वनिमुद्रित करून ठेवले होते, आणि डिसेंबर २०११ पासून डिस्कॉर्डने हे दप्तर सर्वांस खुले केले. त्यात एकेका रात्रीची तारीख, जागा आणि दारावरचा दर नोंदलेला सापडतो. ध्वनी कोठे निर्मळ आहे, कोठे खरखरीत. निवडक सुंदर तेवढे ठेवून बाकीचे दडवण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता, पण तो त्यांनी पत्करला नाही. लॅली आणि कॅन्टी पुढे ‘मेस्थेटिक्स’ या बँडमध्ये एकत्र वाजवू लागले, आणि लॅली व मकाय ‘कोरिकी’मध्ये.