शिकलेली भीती

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. आपल्या या जुन्या म्हणीत वर्तनवादाचा अर्धा धडा सामावलेला आहे.

कुत्र्याच्या तोंडात अन्न पडले की लाळ सुटते. ते त्याला शिकवावे लागत नाही. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी अन्न देण्यापूर्वी दर वेळी विशिष्ट आवाज ऐकवला. पुढे नुसत्या आवाजानेही लाळ सुटू लागली. या शिकण्यालाच ‘अभिसंधान’ म्हणतात. आवाज हा झाला अभिसंधित उद्दीपक आणि त्याने सुटणारी लाळ ही अभिसंधित प्रतिक्रिया.

मानसशास्त्राने मनात डोकावणे सोडून दिसणाऱ्या वर्तनाचाच अभ्यास करावा, असे अमेरिकेतील वॉटसन यांनी १९१३ साली मांडले. भीतीही अशीच शिकली जाते काय, हे पाहण्यासाठी त्यांनी व रोझली रेनर यांनी अल्बर्ट नावाच्या अकरा महिन्यांच्या बाळावर प्रयोग केला. तो १९२० साली प्रसिद्ध झाला. बाळ पांढऱ्या उंदराला मुळीच भीत नव्हते. मग उंदीर समोर येताच त्याच्या पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा मारण्यात येऊ लागला. असे सात वेळा झाल्यावर उंदीर नुसता दिसला तरी बाळ रडू लागले. पुढे ते सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही भ्यायले. दुधावरून ताकावर जाणे ते हेच! शास्त्रात याला सामान्यीकरण म्हणतात.

एका बाळावरून सिद्धान्त पक्का होत नाही, हे खरे. पण अधिक बोचते ते निराळेच. ही भीती घालवण्याआधीच अल्बर्टला रुग्णालयातून नेण्यात आले. आज असा प्रयोग करू दिला जाणार नाही.

उरलेला अर्धा धडा मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली दिला. पीटर नावाचा सुमारे तीन वर्षांचा मुलगा सशाला भीत असे. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवत, मग हळूहळू जवळ आणत. शेवटी पीटर सशाशी खेळू लागला.

माणूस म्हणजे केवळ उद्दीपक-प्रतिक्रियांचे गाठोडे नव्हे; तो विचारही करतो. तरीही गणिताच्या तासाला छडी खाल्लेल्या मुलाला पुढे गणिताचे पुस्तक पाहूनच धडकी भरते, तेव्हा दोष त्याच्या बुद्धीचा असतो काय? आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. वर्गात विषयाबरोबर आपण आणखी काय शिकवतो, याचे भान त्यांनी ठेवावे, एवढेच.