मोबाइलवर चित्रं काढायला स्टायलस घेताय? पेनसोबत काय घ्यायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, आधी वाचा

शिरूर/दौंड : वाढदिवसाचा फ्लेक्स, लग्नपत्रिका, यात्रेचं पोस्टर, यूट्यूबचं थंबनेल ही कामं आता गावातली पोरं घरबसल्या मोबाइलवर करतात. मग हौसेनं स्टायलस पेन मागवलं जातं, आठ दिवस चालतं आणि कपाटात पडतं. बऱ्याचदा पेन खराब नसतंच. एकतर ते त्या फोनला जुळत नाही, नाहीतर सोबत लागणाऱ्या साध्या वस्तू नसतात.

आधी आपला फोन ओळखा

पेनचे ढोबळमानानं तीन प्रकार आहेत.

१) रबरी किंवा गोल चकतीच्या टोकाचं साधं पेन. शे-दोनशे रुपयांत मिळतं, जवळपास सगळ्या टच फोनवर चालतं. फोन त्याला बोटच समजतो.

२) चार्जिंगचं, बारीक टोकाचं पेन. बऱ्याच फोनवर चालतं, पण यालाही फोन बोटच समजतो. जोरात दाबलं म्हणून रेघ जाड होत नाही.

३) ठरावीक मॉडेलसाठीच बनवलेलं पेन. उदा. सॅमसंगचं एस पेन, आयपॅडचं अॅपल पेन्सिल. यातल्या बहुतेक पेनांवर दाब दिला की रेघ जाड होते, हात टेकला तरी चालतं. पण दुसऱ्या फोनवर ते निरुपयोगी.

म्हणून 'सगळ्या फोनला चालतं' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' उघडून मॉडेल नंबर बघा आणि तो पेनच्या यादीत आहे का ते तपासा.

या वस्तू खरंच कामाच्या

दोन बोटांचा हातमोजा : पहिल्या दोन प्रकारच्या पेनवर तळहात स्क्रीनला टेकला की भलतीच रेघ उमटते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झाकणारा मोजा हे थांबवतो. उन्हाळ्यात घामानं हात चिकटतो, तोही त्रास कमी होतो. कापड पातळ असेल तर मात्र टच आरपार जातो, म्हणून दुपदरी कापडाचा घ्या. जुन्या सुती मोज्याचा अंगठा आणि दोन बोटं कापून घरीही जमतं. मोजा घालून हात स्क्रीनवर टेकवा. रेघ उमटली नाही तर मोजा चांगला.

स्क्रीनचं कव्हर : गुळगुळीत काचेवर पेन सटकतं. मॅट किंवा 'पेपर फील' कव्हरवर कागदासारखी पकड येते. पण त्यावर टोक लवकर झिजतं आणि चित्र जरा धूसर दिसतं. रोज काम करणाऱ्यानंच ते घ्यावं. टेम्पर्ड काच फार जाड असेल तर साध्या पेनचा टच अडतो.

जादा टोकं, म्हणजे निब : टोक तिरकं झिजलं किंवा खरखरीत लागलं की लगेच बदला, नाहीतर स्क्रीनला ओरखडे पडतात. आपल्याच मॉडेलची निब घ्या. ज्या पेनची निब बाजारात मिळत नाही, ते पेनच घेऊ नका.

स्टँड : फोन सपाट ठेवून तासन्‌तास वाकलं की मान धरते. त्यासाठी महागडा स्टँड लागत नाही. पेपर लिहायच्या पॅडखाली दोन वह्या ठेवल्या की उतार मिळतो. फक्त फोन हलता कामा नये.

रबरी ग्रिप आणि डबी : बारीक पेन धरून बोटं दुखतात, तिथं ग्रिप उपयोगी. डबी तर हवीच. दाब ओळखणारं पेन टोकावर पडलं तर आतला सेन्सर बिघडू शकतो.

फडकं : उसाच्या हंगामात रस्त्याकडेच्या घरांत धूळ किती येते ते सांगायला नको. धुळीवर पेन फिरलं की काच घासली जाते. बसण्याआधी चष्म्याच्या मऊ फडक्यानं स्क्रीन पुसा.

दुकानातच तपासा

दुकान गावातलं असो की पुण्यातली तपकीर गल्ली, पेन आपल्याच फोनवर चालवून बघा. पट्टी ठेवून तिरकी रेघ हळू ओढा. रेघ नागमोडी आली तर बारीक कामाला ते पेन जमणार नाही. ऑनलाइन घेताना बदलून मिळतं का ते आधी वाचा.

पालकांनी एवढं लक्षात घ्यावं

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा कागदावरच द्याव्या लागतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, पण त्यासाठी पेन्सिल आणि रंगाचाच सराव लागतो. 'परीक्षेसाठी पाहिजे' म्हणून महागडं पेन घ्यायची गरज नाही.

सुरुवात साध्या पेननं, घरच्या मोज्यानं आणि वह्यांच्या स्टँडनं करा. महिनाभर रोज हात चालला, दोन पैशाचं काम मिळायला लागलं, की मग मोठ्या खर्चाचा विचार करा.