इंजिनाचा श्वास : जुन्या मोटारीसाठी कार्बोरेटरची निवड

प्रस्तावना

आपल्यापैकी अनेकजण कारखान्यात, गॅरेजमध्ये किंवा वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करत असतील. यंत्राशी रोजचा संबंध असला तरी ते यंत्र का चालते आणि का अडते, याचा शांतपणे विचार करण्याची सवड क्वचितच मिळते. प्रस्तुत पाठात एका लहानशा भागाची, म्हणजे कार्बोरेटरची माहिती दिली आहे. जुन्या मोटारीचा कार्बोरेटर निकामी झाला, तर त्याच्या जागी कोणता बसवावा, हा या पाठाचा विषय आहे. कोणतीही वस्तू निवडताना आधी गरज मोजावी आणि मगच वस्तू शोधावी, हे तत्त्व या उदाहरणातून तुमच्या ध्यानी येईल.

पाठ

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर हरियाणातील मानेसर ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. येथील मारुती सुझुकीच्या कारखान्यात २००६-०७ पासून मोटारी तयार होत आहेत. वाहनांची चाचणी घेणारे आयकॅट हे केंद्रही याच वसाहतीत आहे. येथे घडणाऱ्या मोटारींत कार्बोरेटर आढळत नाही. त्यांच्या इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे, हे संगणकाच्या साहाय्याने ठरते आणि तेवढेच पेट्रोल सूक्ष्म तुषारांच्या रूपाने आत सोडले जाते. मात्र मानेसरवरून पुढे जाऊन बिलासपूरहून तावडूच्या रस्त्याला लागले, की २०१३ मध्ये सुरू झालेले हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम लागते. तेथे जुन्या मोटारी जतन करून ठेवल्या आहेत. अशा मोटारींच्या काळी संगणकाचे हे काम एक साधी धातूची कुपी करत असे. तीच कुपी म्हणजे कार्बोरेटर.

जुन्या मोटारी केवळ संग्रहालयातच आहेत असे नाही. कोणाच्या आजोबांची फियाट, कोणाच्या वडिलांची ॲम्बेसेडर आजही घराच्या अंगणात उभी असते. तिचे इंजिन गचके देऊ लागले, की मालक मिस्त्रीकडे येतो आणि म्हणतो, "नवा कार्बोरेटर टाकून द्या, आणि जमल्यास थोडा मोठाच टाका." या वाक्यात दोन गृहीते आहेत. दोष कार्बोरेटरचाच आहे, हे पहिले; आणि मोठा म्हणजे चांगला, हे दुसरे. दोन्ही गृहीते तपासून पाहिली पाहिजेत.

कार्बोरेटर काय करतो?

द्रव पेट्रोल जसेच्या तसे जळत नाही. त्याची वाफ हवेत मिसळली, की ते मिश्रण पेट घेते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. आकारमानाच्या भाषेत सांगायचे तर एक लीटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लीटर हवा हवी. मोटार पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. पण तिचा खरा आहार हवा आहे!

दट्ट्या सिलिंडरमध्ये खाली सरकतो तेव्हा बाहेरची हवा कार्बोरेटरमधून आत ओढली जाते. कार्बोरेटरचा मार्ग मध्यभागी अरुंद केलेला असतो. या अरुंद गळ्याला व्हेंच्युरी म्हणतात. रुंद पात्रातील संथ नदी खडकांच्या चिंचोळ्या वाटेतून जाताना वेग घेते, तशी हवा येथे वेगाने वाहते. वाहत्या प्रवाहाचा वेग वाढला, की त्याचा दाब कमी होतो, हे बर्नोली या शास्त्रज्ञाने सांगितलेले तत्त्व आहे. गळ्यातील दाब कमी झाल्यामुळे शेजारच्या फ्लोटच्या कुपीतील पेट्रोल जेट नावाच्या बारीक छिद्रातून वर ओढले जाते आणि त्याचे तुषार हवेत मिसळतात. ॲक्सिलरेटर दाबला, की थ्रॉटलची झडप उघडते, अधिक हवा आत येते आणि तिच्याबरोबर अधिक पेट्रोलही येते. थंड इंजिन सुरू करताना चोक ओढून हवा कमी केली जाते. त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते.

हे सर्व काम कोणत्याही विजेशिवाय, केवळ हवेच्या वेगावर चालते. म्हणून गळ्याचे माप हा कार्बोरेटरचा प्राण होय.

बदलण्यापूर्वी तपासणी

मोटार गचके देते, पेट्रोल अधिक खाते किंवा काळा धूर सोडते, याची कारणे अनेक असू शकतात. स्पार्क प्लग, काँटॅक्ट पॉइंट, ठिणगी पडण्याची वेळ, झडपांची फट आणि पेट्रोलचा पंप हे आधी पाहावे. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधील गॅस्केट फाटले असेल, तर तेथून जास्तीची हवा आत शिरते आणि निष्पाप कार्बोरेटरवर दोष येतो.

स्पार्क प्लगचा रंग पुष्कळ काही सांगतो. त्यावर कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त होत आहे. तो पांढुरका असेल, तर पेट्रोल कमी पडत आहे. फिकट तपकिरी असेल, तर मिश्रण योग्य आहे, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

त्यानंतर कार्बोरेटर उघडून साफ करावा. जेटमध्ये तार घालू नये. जेट मऊ पितळेचा असतो. तारेने त्याचे छिद्र किंचित मोठे झाले, तरी प्रमाण कायमचे बिघडते. थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवून पाहावा. तो सैल झाला असेल, तर कुशल कारागीर नवे बुश बसवून तो पूर्ववत करू शकतो. कुपीला तडा गेला असेल, धातू गंजून पोखरला असेल किंवा बसण्याची बाजू दुरुस्त न होण्याइतकी वाकडी झाली असेल, तरच बदलाचा विचार करावा.

मोठा की योग्य?

आता दुसऱ्या गृहीताकडे वळू. समजा, १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट गॅरेजमध्ये आली आहे. ही मोटार मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कारखान्यात तयार होत असे. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ही कंपनी स्थापन केली होती. याच मोटारीला पुढे प्रीमिअर पद्मिनी हे नाव मिळाले आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घरोघरी ओळखीची झाली.

तिच्या इंजिनाची क्षमता १०८९ घनसेंटिमीटर, म्हणजे सुमारे १.०९ लीटर आहे. चार टप्प्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतो. मिनिटाला ४००० फेऱ्या होत असतील, तर २००० वेळा १.०९ लीटर, म्हणजे सुमारे २१८० लीटर हवा लागेल. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. ते ८० टक्के भरतात असे धरले, तर ही गरज सुमारे १७५० लीटर होते. याच हिशेबाने १४८९ घनसेंटिमीटरच्या ॲम्बेसेडरला सुमारे २४०० लीटर, तर ७९६ घनसेंटिमीटरच्या मारुती ८०० ला सुमारे १२७५ लीटर हवा लागेल.

या तीन आकड्यांतच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. अधिक हवेसाठी घडवलेला रुंद गळ्याचा कार्बोरेटर फियाटवर बसवला, तर गळ्यातून जाणारी हवा मंदावेल. वेग कमी झाल्यामुळे पेट्रोल ओढण्याची शक्ती घटेल आणि तुषारांऐवजी जाड थेंब पडतील. गर्दीत, कमी वेगात मोटार अडखळेल आणि पेट्रोलही वाया जाईल. उलट फार अरुंद गळा बसवला, तर कमी वेगात मोटार बरी चालेल. पण चढावर किंवा महामार्गावर तिचा दम कोंडेल. म्हणून नवा कार्बोरेटर मोठा किंवा लहान नव्हे, तर त्या इंजिनाच्या श्वासाला साजेसा हवा.

निवडीच्या कसोट्या

मोटारीच्या मूळ पुस्तिकेत कार्बोरेटरचे नाव व जेटची मापे दिलेली असतात. जुन्या कार्बोरेटरवरही क्रमांक कोरलेला असतो. तोच प्रकार मिळाला, तर उत्तमच. तो न मिळाल्यास पुढील बाबी पडताळाव्यात :

१. गळ्याचा व्यास आणि जेटची मापे मूळ भागाशी जुळतात का?
२. बोल्टच्या छिद्रांमधील अंतर सारखे आहे का? ते मोजपट्टीने नव्हे, तर व्हर्निअर कॅलिपरने मोजावे.
३. हवा वरून खाली येते की आडवी येते? ही दिशा बदलता येत नाही.
४. ॲक्सिलरेटर व चोक यांच्या तारा सरळ जोडता येतात का? थ्रॉटल अडकून उघडा राहिला, तर मोटार आवरणे कठीण होते.
५. पंपाचा दाब फ्लोटच्या सुईला पेलतो का? न पेलल्यास पेट्रोल ओसंडते. अनेक जुन्या इंजिनांत खालीच तापलेली धुराची नळी असते. तेथे गळती म्हणजे आगीला आमंत्रण. हे काम करताना अग्निशामक जवळ ठेवावा.
६. बॉनेटखाली हवेच्या गाळणीसाठी पुरेशी जागा उरते का?

आजच्या पेट्रोलचा प्रश्न

या मोटारी घडल्या तेव्हाचे पेट्रोल आणि आजचे पेट्रोल एकसारखे नाही. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि ती क्रमाने सर्वत्र वाढत गेली. इथेनॉलला जळण्यासाठी वजनाच्या नऊपट हवा पुरते. त्यामुळे या मिश्रणाचे योग्य प्रमाण १४.७ ऐवजी सुमारे १३.५ इतके होते. जुन्याच जेटवर मोटार चालवली, तर इंधन थोडे कमी पडते आणि इंजिन अधिक तापू शकते. अशा वेळी किंचित मोठा मुख्य जेट बसवणे हा उपाय असतो. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते व जुन्या प्रकारचे रबर फुगवते. म्हणून गॅस्केट, नळ्या व सुई इथेनॉल सहन करणाऱ्या असाव्यात. मोटार अनेक महिने उभी राहणार असेल, तर फ्लोटच्या कुपीतील पेट्रोल काढून टाकावे.

कायदा आणि मूळ रूप

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेल्या खासगी मोटारीला विंटेज वाहन म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी मोटार प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन यांसारख्या कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नाही. म्हणून कार्बोरेटर बसवण्यासाठी इंजिनाचा भाग कापावा लागेल, असा जोड टाळावा आणि काढलेला जुना कार्बोरेटर मालकाने जपून ठेवावा. मानेसर हे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येते. तेथे १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल मोटारींवरील निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केले आणि त्यानंतरही या विषयावर नवे आदेश निघाले. यासाठी खर्च करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे हिताचे ठरते.

सुटे भाग कोठून मिळवावेत, हाही प्रश्न आहेच. मुंबईचे कुर्ला, दिल्लीचे कश्मीरी गेट व मायापुरी येथील बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहेत. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. रोज वापर असतो तोवर सुटे भागही बनत राहतात. वापर थांबला, की ते दुर्मीळ होतात. अशा वेळी हुबेहूब दिसणारा, पण हलक्या धातूचा नकली भाग घेण्यापेक्षा चांगल्या स्थितीतील जुना भाग नीट दुरुस्त करून घेणे पुष्कळदा श्रेयस्कर असते.

समारोप

कार्बोरेटर बसवल्यावर इंजिन गरम होऊ द्यावे, मंद गती व मिश्रण जुळवावे आणि धुराची तपासणी करून घ्यावी. भारत स्टेज २ पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल मोटारींसाठी मंद गतीवरील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. त्या यंत्रावरील आकडा हा मिस्त्रीच्या कामाचा निःपक्षपाती परीक्षक होय.

मालक मोठा भाग मागतो तेव्हा तो देऊन पैसे घेणे सोपे असते. परंतु "आपल्या गाडीला याची गरज नाही, जुनाच दुरुस्त होईल," असे सांगणारा कारागीर एका विक्रीचा नफा गमावतो आणि आयुष्यभराचा विश्वास मिळवतो. तसे सांगण्याचे बळ केवळ प्रामाणिकपणातून येत नाही. त्यासाठी मोजमापाचे ज्ञानही लागते.

स्वाध्याय

१. कार्बोरेटरच्या गळ्यात पेट्रोल वर का ओढले जाते, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. जेट साफ करताना तार का वापरू नये?
३. १२०० घनसेंटिमीटरच्या चार टप्प्यांच्या इंजिनाला मिनिटाला ३००० फेऱ्यांवर किती हवा लागेल? सिलिंडर ८० टक्के भरतात असे धरून काढा.
४. 'मोठे ते चांगले' हा समज चुकीचा ठरल्याचे तुमच्या कामातील किंवा घरातील एखादे उदाहरण आठ-दहा ओळींत लिहा.