मांडीवरचा पॅसेंजर

बॅगा भरून झाल्यात, वेब चेक-इन झालंय, ऑफिसच्या मेलवर ‘सुट्टीवर आहे’ची पाटीही लागलीय. नागपूरला आजी-आजोबा नातवाची वाट बघतायत, किंवा लंडनच्या ऑनसाइटसाठी अख्खं बिऱ्हाडच हलणार आहे. कुठेही निघा, या ट्रिपमधला सगळ्यात मोठा व्हीआयपी म्हणजे दीड वर्षांचा तो गडी! त्याला नुकतंच पळता यायला लागलंय, बूट काढून फेकता येतात आणि ‘नको’ हा शब्द तर एकदम खणखणीत म्हणता येतो. अशा या साहेबांना आता काही तास एका जागी बसवायचंय.

बहुतेक आई-बाबांना टेन्शन असतं ते रडण्याचं. पण शेजारच्या काकांच्या कपाळावरच्या आठ्या विमान उतरलं की संपतात. त्याहून मोठा प्रश्न तिकीट काढतानाच समोर येतो आणि तो आपण दोन क्लिकमध्ये उरकून टाकतो. पोराला स्वतःची सीट घ्यायची, की मांडीवरच बसवायचं?

तिकीट स्वस्त का असतं?

दोन वर्षांच्या आतलं मूल विमान कंपनीच्या भाषेत ‘इन्फंट’. देशांतर्गत प्रवासात त्याच्यासाठी एक ठरावीक छोटी रक्कम घेतात, परदेशी प्रवासात बहुतेक वेळा मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास. डील भारीच आहे! फक्त या तिकिटात सीट नसते. आणि सीट नाही म्हणजे स्वतःचा बेल्टही नाही. सगळी भिस्त तुमच्या दोन हातांवर.

हे हात कितपत पुरतात? मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारच्या आकाशात जोरदार टर्ब्युलन्समध्ये सापडलं. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, कित्येक जण जखमी झाले, विमान बँकॉकला उतरवावं लागलं. तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालात एक आकडा आहे. सुमारे ०.६ सेकंदात विमानातला गुरुत्वाचा जोर अधिक १.३५ जी वरून उणे १.५ जी वर गेला. साध्या भाषेत सांगायचं तर अशा क्षणी बारा किलोचं पोर अठरा किलोच्या जोराने छताकडे ओढलं जातं. तेही डोळ्याची पापणी लवते न लवते तोच. आई कितीही दणकट असली तरी ‘घट्ट धरायला’ वेळच मिळत नाही.

एका हवाईसुंदरीची लढाई

हा वाद आजचा नाही. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या २३२ क्रमांकाच्या विमानाचं शेपटाकडचं इंजिन फुटलं आणि विमानाच्या सगळ्या हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. वैमानिकांनी कसंबसं ते अमेरिकेतल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. विमानात २९६ जण होते, त्यातले ११२ दगावले. चार मुलं मांडीवरची होती. तेव्हाच्या सूचनेप्रमाणे क्रूने पालकांना सांगितलं, मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून ठेवा. त्या चारपैकी एक मूल वाचलं नाही. ही सूचना देणाऱ्या मुख्य फ्लाइट अटेंडंट जॅन ब्राउन स्वतः वाचल्या, आणि पुढची कित्येक वर्षं एकच मागणी लावून धरत राहिल्या: प्रत्येक मुलाला स्वतःची सीट आणि स्वतःचा पट्टा.

अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानेही तीच शिफारस केली. पण तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, सक्ती केली नाही. त्यांचं म्हणणं असं, की तिसरं तिकीट सक्तीचं केलं तर काही कुटुंबं विमान सोडून गाडीने निघतील, आणि रस्त्यावरचा धोका आकाशातल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. मुद्दा बिनतोड वाटतो. पण सक्ती न करणारं हेच प्रशासन पालकांना सल्ला मात्र स्पष्ट देतं: दोन वर्षांखालच्या मुलासाठी सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे मान्यताप्राप्त चाइल्ड सीट, तुमची मांडी नव्हे.

जानेवारी २०२४ मध्ये पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा दाराच्या जागी बसवलेला एक पॅनल सुमारे १५ हजार फुटांवर उडून गेला. सुदैवाने त्या भोकाला लागून असलेल्या सीट्स रिकाम्या होत्या. त्या विमानातही तीन मुलं मांडीवर होती. तिघंही बचावली आणि जुना वाद पुन्हा पेटला.

घाबरू नका. विमान आजही प्रवासाचं अत्यंत सुरक्षित साधन आहे. म्हणूनच तर हा निर्णय शांत डोक्याने घेता येतो.

बजेटमध्ये बसत असेल तर

तिसरी सीट घ्या. विशेषतः लांबच्या, रात्रीच्या प्रवासाला. पण नुसत्या सीटचा उपयोग अर्धाच, कारण मोठ्यांचा बेल्ट चिमुरड्याच्या कमरेवर नीट बसत नाही. कारची चाइल्ड सीट नेणार असाल तर ती विमानात वापरायला मान्य आहे का, ते तिच्यावरच्या लेबलवर बघा. रुंदीही मोजा, कारण इकॉनॉमीची सीट जेमतेम १७-१८ इंचांची असते. ही सीट खिडकीशी लावतात, म्हणजे बाकीच्यांची बाहेर पडायची वाट अडत नाही.

एवढं धूड वागवायचं नसेल तर ‘केअर्स’ नावाचा पट्ट्यांचा हार्नेस मिळतो. एफएएने त्याला २००६ मध्ये मान्यता दिली. एक वर्षावरच्या, साधारण १० ते २० किलो वजनाच्या आणि एक मीटरपर्यंत उंचीच्या मुलाला तो चालतो. पर्समध्ये मावतो! मात्र यातलं काहीही नेण्याआधी विमान कंपनीला मेल करून उत्तर लेखी घ्या. काउंटरवर वाद घालायला कडेवर पोर असताना कुणाला वेळ आहे?

मांडीवरच न्यायचं असेल तर

हेही चालतं, बहुतेक जण असंच करतात. मग निदान नीट करा. भारतात आणि युरोपात क्रू एक छोटा जोडपट्टा देतो. तो तुमच्या बेल्टमध्ये ओवून बाळाच्या कमरेला लावायचा असतो. अमेरिकी कंपन्यांच्या विमानात तो चालत नाही, कारण जोराच्या धडकेत मोठ्या माणसाचं शरीर पुढे वाकून मूल मध्ये चेपलं जाऊ शकतं. टर्ब्युलन्समध्ये मात्र तो मुलाला वर उडू देत नाही. पट्टा मागितल्याशिवाय मिळाला नाही, तर मागून घ्या. आपलाच बेल्ट दोघांभोवती मिळून कधीही लावू नका.

भिंतीवर लावायचा पाळणा टॉडलरला बहुधा पुरतच नाही. पुरला तरी टेकऑफ आणि लँडिंगला मुलाला त्यातून बाहेर घ्यावंच लागतं.

खिडकीच घ्या

आइलची सीट उठ-बस करायला सोयीची, पण पोराला आइलकडे बसवू नका. ट्रॉली जाताना बाहेर लोंबणारे हातपाय सापडतात, वरच्या कप्प्यातून बॅगा पडतात आणि गरम चहा-सूपची ये-जा डोक्यावरूनच होते. भाजणं हा विमानातला मुलांचा अगदी नेहमीचा अपघात. मूल मांडीवर असेल तेव्हा चहा नकोच. जोडीदार पिऊ दे, मग पाळी बदला.

आणखी एक. एका रांगेत दोन मांडीवरची मुलं बसू देत नाहीत, ते उगाच नाही. तीन सीटच्या वर साधारण चारच ऑक्सिजन मास्क असतात. मास्क खाली आले तर आधी स्वतः लावा, मग मुलाला. तुम्हीच बेशुद्ध झालात तर त्याला कोण लावणार?

स्वतःची सीट असलेल्या मुलाचं आसन आई किंवा बाबांशेजारीच हवं. डीजीसीएने २०२४ मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी विमान कंपन्यांना तसं बजावलंय. ‘सीट अ‍ॅलॉट झाली’ असं कुणी ऐकवलं तर हे लक्षात असू द्या.

बिझी तोच सेफ

आता टाइमपासचा भाग. हा सुरक्षेपासून वेगळा समजू नका. कंटाळलेलं मूलच बेल्टचं बक्कल उघडतं, सीटवर उभं राहतं, आइलमध्ये पळतं.

एअरपोर्टवर त्याला मनसोक्त पळू द्या. बॅगेत मोठं खेळणं एकही नको. सात-आठ छोट्या वस्तू वेगवेगळ्या कागदात गुंडाळा आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने एकेक काढा. कागद सोडवण्यातच पाच मिनिटं जातात! स्टिकर्स, चिकटनोट्स, पुसता येणारी पाटी, जुनं पाकीट, झाकणाची रिकामी डबी असं काहीही चालतं. चेंडू आणि आवाज करणारी खेळणी घरीच ठेवा. उलटीच्या कागदी पिशवीवर डोळे काढले की बाहुला तयार, चिऊ-काऊची गोष्ट त्याच्याकडून वदवा. मोबाइलवरचं कार्टून हे शेवटचं अस्त्र, आधीच डाउनलोड केलेलं. पहिल्याच अर्ध्या तासात काढलंत तर पुढे हातात काय उरणार?

खाण्याचंही तेच, थोडं-थोडं आणि वारंवार. दशमी हा आपला जुना प्रवासी पदार्थ, मऊ आणि टिकाऊ. इडलीचे तुकडे, केळं, तूप-गूळ-पोळीचा लाडू मस्त. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न आणि अख्खी द्राक्षं अजिबात नकोत. घशात अडकलं तर तीस हजार फुटांवर दवाखाना नाही.

कान दुखतात ते मुख्यतः उतरताना. विमान खाली येऊ लागतं तसा केबिनमधला हवेचा दाब वाढतो, आणि लहानग्यांच्या कानाची नळी तो पटकन सावरत नाही. गिळलं की ती उघडते. म्हणून लँडिंगच्या अर्धा तास आधी झोपलेल्या पिल्लाला उठवा, पाणी किंवा दूध घोट-घोट पाजा. सगळं दूध टेकऑफलाच संपवू नका. सर्दी तुंबली असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आणि ‘झोपेसाठी थोडं सर्दीचं औषध दे’ हा मैत्रिणीचा सल्ला सरळ नाकारा. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिलाय. शिवाय अशा औषधाने काही मुलं झोपायच्या ऐवजी उलट जास्तच उड्या मारतात.

बुकिंग करण्याआधी एकदा कॅलेंडर बघा. जाताना पोर पावणेदोन वर्षांचं आणि परत येईपर्यंत दोन पूर्ण होणार असेल, तर परतीला स्वतःची सीट घ्यावीच लागते. मग जातानाचीही घेऊन टाका की! नागपूरच्या आजीसाठी आणलेल्या साडीवर नाही, पण ड्युटी-फ्रीच्या एका बाटलीवर पाणी सोडलं तर थोडीफार भरपाई होतेच.